आत्याच्या ओटीतली सरकी

नव्या सरकीचं पहिलंच वर्ष होतं ते. वडील परळीहून चार डबे घेऊन आले आणि ओसरीवर मांडून बसले. या सरकीत म्हणे एका जंतूचा गुण घातला होता. बोंडअळीनं पान खाल्लं की अळीच मरायची. मी तेव्हा अकरावी सायन्सला होते, म्हणजे घरातली सगळ्यात शहाणी. डब्यातला माहितीचा कागद मी बातम्या दिल्यासारखा मोठ्यानं वाचला. अर्धाच वाचला. पुढची अक्षरं मुंगीएवढी होती, आणि माझं ज्ञान तोवर पाजळून झालं होतं.

प्रत्येक डब्यात मोठ्या पुड्याबरोबर एक लहान पुडी होती. वडील म्हणाले, "ही वर फुकट दिल्याली दिसती."

आमच्या घरी एक रीत होती. सरकी लावायच्या आधी बहिणीच्या ओटीत बी घालायचं, मगच आपल्या रानात पाऊल टाकायचं. आत्या, वडिलांची थोरली बहीण, लग्नानंतर दोनच वर्षांत माहेरी परत आलेली, शेजारच्या घरात वेगळी राहायची. आमच्या रानाला लागून असलेल्या तिच्या तुकड्यावर तिचं सगळं वर्ष निघायचं. तिनं ओटी पसरली आणि वडिलांनी चारही लहान पुड्या तिच्या ओटीत घातल्या. "अक्का, औंदा फवारायचं काम न्हाई," असंही वर सांगितलं. किती खूश होते ते! फुकटचं बी बहिणीला गेलं याचा मलाही आनंद झाला होता.

दसऱ्याच्या आसपास आत्यानं मला हाक मारून रानात नेलं. एक बोंड फोडून माझ्या हातावर ठेवलं. आत कापूस नव्हता, ओली घाण होती आणि तीत हिरवी अळी वळवळत होती. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, तेच. बांध ओलांडून आमच्या रानात गेले, तर बोंडं टणक, निरोगी. परळीच्या थर्मल वीजकेंद्राची राख दोन्हीकडं सारखीच बसलेली, पण अळीनं जणू बांध ओळखला होता.

आत्या तशीच आमच्या ओसरीवर आली. "तुज्या रानात अळी न्हाई, मंग माज्याच रानात कावून?" ती माझ्याकडं वळली. "त्यो कागद काढ. सगळा वाच."

फडताळातला कागद काढून मी मुंगीएवढी अक्षरं वाचायला लागले. लहान पुडीत साधी सरकी आहे. तिच्यात तो गुण नाही. ती मोठ्या पुड्यातल्या पिकाच्या चारी बाजूंनी लावावी, म्हणजे अळ्या तिच्यावर जगतील आणि नव्या सरकीला सरावणार नाहीत.

"म्हंजी," आत्या सावकाश म्हणाली, "माज्या वटीत अळीचं ताट वाडलं व्हय रं?"

"अक्का, मला म्हाईत नव्हतं," वडील म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होऊ शकलं असतं, हे मात्र कुणीच बोललं नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

त्या वर्षी आत्याच्या घरात कापूस आलाच नाही. आमच्या रानातल्या कापसाचा पहिला वेचा आईनं तिच्या दारात नेऊन ठेवला. तिनं तो घेतला, पण वडिलांशी बोलली नाही.

पुढच्या वर्षी वडील एक अख्खा डबा घेऊन तिच्या दारात उभे राहिले. मीही मागं होते. आत्या बाहेर आली. पदर खांद्यावर तसाच, ओटी पसरली नाही.

"डबा उगड," ती म्हणाली. "ल्हान पुडी बी दे, बांधाला लावते. पर आदी पोरीला कागद वाचू दे. सगळा. मंग वटी पसरते."

वडिलांनी डबा उघडून कागद माझ्या हातात दिला. मी उंबऱ्यात बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.