अर्जात लिहिलेला माझ्या घराचा पत्ता

सुरतेच्या मामलतदार कचेरीबाहेर मी बावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत, आणि नववीत मी नापास झालो. हे लपवण्याचे कारण नाही, कारण माझ्या अर्जावर भाषेसाठी कोणत्याही साहेबाने आजवर लाल रेघ ओढलेली नाही. तरीही एका अर्जात माझ्याकडून चूक झाली. ती येथे नमूद करण्यात मला कमीपणा वाटत नाही. तिचा आधार घेऊन एका बाईला कामावरून घालवले गेले, त्याचा राग मात्र अजून उतरलेला नाही.

बाई आमच्या खानदेशातली, विधवा, एकुलती लेक सासरी. वृद्धांच्या एका निवासगृहात ती तीन वर्षे आया होती. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणे, भरवणे, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलणे, ही तिची कामे. यंदा व्यवस्थापकांनी हुकूम काढला की प्रत्येक कर्मचाऱ्याचा पोलीस पडताळणीचा दाखला फाइलला लागलाच पाहिजे. बाई माझ्याकडे आली.

ती कोसाडच्या सरकारी वसाहतीत भाड्याने राहत होती. तेथे घर ज्याला मिळाले त्यानेच राहायचे असा नियम आहे. त्यामुळे लपूनछपून भाडेकरू ठेवणारे मालक आपला पत्ता कोणाला कागदावर लिहू देत नाहीत. अशा लोकांच्या अर्जात मी माझ्या भेस्तानच्या घराचा पत्ता लिहून देत आलो; बाईच्या अर्जातही तोच लिहिला. कित्येकांची बँकेची पत्रे माझ्या दारी येत आणि मी ती ज्याची त्याला पोहोचवत असे. याचा मला अभिमान होता. पडताळणीला मात्र टपाल येत नाही, हवालदार येतो, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

हवालदार भर दुपारी आला, तेव्हा मी कचेरीवर होतो. माझ्या पत्नीने त्याला खरे ते सांगितले. ‘अर्जदार पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा पडला, आणि चौथ्या दिवशी बाई माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

“दादा, माले काढी टाकं,” ती म्हणाली. “तो पत्ता तुम्हीच टाकेल शे ना?”

घरी जाऊन मी पत्नीवर आवाज चढवला. ती साडीवर खडे चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, “मी काय खोटं बोलनू? ती आठे कव्हय ऱ्हास?” खरेच, बाई आमच्या येथे एक दिवसही राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी निवासगृहात गेलो. व्यवस्थापक वयाने लहान, बोलायला गोड. काका, येथे म्हाताऱ्यांचा जीव आमच्या हवाली असतो, खोटा पत्ता देणारी बाई आम्ही कशी ठेवावी, असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. माझी आई परक्या हाती सोपवायची असती तर मीही चौकशी केली असती. म्हणून तेथेच कागद मागून मी लिहून दिले की पत्ता अर्जदाराने सांगितलेला नसून मी आपल्या मनाने लिहिला आहे, आणि यात गुन्हा होत असल्यास तो माझ्यावर नोंदवावा. त्यांनी वाचले आणि शेवटी ‘क्षमा मागतो’ एवढे घाला म्हणाले. लोकांसाठी मी आजवर क्षमेचे असंख्य अर्ज लिहिले. हे वाक्य मात्र मी लिहिले नाही.

“तीन वर्षे ती या म्हाताऱ्यांना अंघोळ घालत होती, तेव्हा तुमची फाइल कुठे होती?” मी विचारले. “आणि तुमचा स्वतःचा दाखला?”

“माझा काढायचा बाकी आहे.”

“मग तुम्हाला अजून कोणी काढलं नाही?”

ते पाणी प्यायले. पंधरा दिवसांत खरा दाखला आणल्यास बाईला परत घेऊ, असे त्यांनी लिहून दिले.

खरा पत्ता लिहू द्या म्हणून मी विचारायला गेलो, तर कोसाडच्या मालकाने पोलिसांचे नाव ऐकताच बाईला खोली रिकामी करण्यास सांगितले. म्हणजे काम तर गेलेच होते, आता राहण्याची जागाही गेली. मी घरी हे सांगितले तेव्हा पत्नीने पुढच्या खोलीतले साड्यांचे गठ्ठे उचलून कोपरा मोकळा केला.

“तिले आठेच लई या,” ती म्हणाली. “आते पत्ता खरा व्हई जाई.”

दोन दिवसांत बाई पत्र्याची पेटी घेऊन आली. मी नवा अर्ज लिहिला. पुन्हा तोच हवालदार आला आणि हसत म्हणाला, मागच्या वेळी नव्हती, आता कुठून उगवली? मागच्या वेळी मी खोटे लिहिले होते, असे मी तोंडावर सांगितले. बाईने आपली पेटी आणि अंथरूण दाखवले. दाखला तेराव्या दिवशी हाती आला आणि चौदाव्या दिवशी ती कामावर रुजू झाली.

व्यवस्थापकांच्या दाखल्याचे काय झाले, हे विचारणारा अर्ज मी गेल्या आठवड्यात निवासगृहाच्या विश्वस्तांना लिहिला. पाठवण्यापूर्वी तो बाईला वाचून दाखवला, कारण चटका बसलाच तर तिलाच बसणार होता. तिने दोनदा वाचून घेतला, माझ्या हातातले पेन मागून घेतले, माझ्या सहीशेजारी आपली सही केली आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून निघून गेली.