आपापल्या दारात

काल मी मैदानाच्या कुंपणाच्या जाळीबाहेर उभा होतो. आत पोरींना बास्केटबॉल शिकवणारा मास्तर एकीवर ओरडला, "तुझ्या मैत्रिणीला चकवून समोरची पोरगी आत घुसली आणि तू खांबासारखी उभी? धाव, आडवी जा!"

"सर, मग माझ्या वाट्याच्या पोरीला कोण अडवणार?"

"मागची अडवेल! तू आधी धाव!"

पोरीचा तो प्रश्न ऐकून माझं डोकंच भडकलं. मंगळसूत्रासाठी चोरट्यानं माझ्या बायकोला गल्लीभर फरफटवलं, तेव्हा सगळे शेजारी आपापल्या दारात उभे होते. ती मेल्यावर म्हणतात, "काका, घरात लेकरं होती." जो तो आपलंच दार राखतो, म्हणून चोराला सगळी गल्ली मोकळी मिळते. एकेकाचे दात पाडावेसे वाटतात.

पुढच्या वेळी ती पोरगी धावली. कोपर लागून ओठ फुटला, तरी हलली नाही. मी जाळी गदागदा हलवत ओरडलो, "तू का नव्हतीस गं आमच्या गल्लीत!"