देवकीचा खोटा भार

गोव्यातल्या पाळी गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या देवकीला गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात भार येऊ लागला, म्हणजे देवी अंगात येऊ लागली. अंगण झाडायला वाकली की चेहरा पांढराफटक, छातीत धडधड, अंग घामाने निथळतंय आणि हात थरथरताहेत. दहा मिनिटांत सगळं ओसरायचं. सासूने, शेवंतीकाकूंनी, तिला पाटावर बसवून पुढ्यात नारळ ठेवला. आठवडाभरात खाणीवरचे ट्रकवाले प्रश्न घेऊन हजर. मी शाळामास्तर, पण मीही बदलीचं विचारून आलो.

देवकीला त्यात एक सुख होतं. एरवी तिचं घरात कोणी ऐकत नसे. भारात तिने गरम पाव मागितला, तर नवरा जयराम डिचोलीला धावला.

आरोग्य केंद्रातल्या कमल नर्सने मात्र एकदा भर भारात देवीच्या दंडाला पट्टा गुंडाळला. रक्तदाब दोनशेवीस. भार उतरल्यावर एकशेवीस. पणजीच्या डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी मागवली. जयराम बसमध्ये कॅन मांडीवर घेऊन बसला, तर शेजारच्या भाविकाने तीर्थासाठी हात पुढे केला.

मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ निघाली. ती लहर येईल तेव्हा रक्तात रस सोडते आणि दाब भडकतो. आधी दोन आठवडे गोळ्या, मग सहावा महिना संपायच्या आत शस्त्रक्रिया. नाहीतर आई आणि मूल, दोघंही जातील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

"देवी जिच्या अंगार येता, तिका मी कापूक देवचंय नाय," काकू म्हणाल्या. जयराम आईच्या तोंडाकडे बघत राहिला. देवकी रडली, पाया पडली. मला संताप आला, आणि मी शाळेत निघून गेलो.

दुसऱ्या सकाळी देवकी आपणहून पाटावर बसली, केस सोडले आणि घुमू लागली.

"सुनेक आजच इस्पितळात व्हरा. माजो हुकूम आसा."

काकूंनी कपाळ जमिनीला टेकलं. तासाभरात जीप दारात.

गोळ्या झाल्या, गाठ निघाली, दिवस भरल्यावर मुलगी झाली. बारशाला देवकी हळूच म्हणाली, "मास्तर, तितकोच भार खोटो. बाकीचे खरे हुते."

मुलीचं नाव तिला कमल ठेवायचं होतं. काकूंनी देवीचं ठेवलं. देवकीला कोणी विचारलं नाही. गाठ आता नव्हती, भारही नव्हता.