साडेदहाचा आवाज

माझ्या सासऱ्यांना रात्री झोप येत नसे. उमेदीची सगळी वर्षं फौजेत, सीमेवरच्या पहाऱ्यात गेली. रात्र ही जागायची वेळ, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. सुभेदार होऊन ते माणदेशात, आपल्या गावी म्हसवडला परतले आणि सासूबाई गेल्यावर आमच्याकडे सांगलीला राहायला आले. नवरा नोकरीमुळं पाटणला राहायचा, सुट्टी मिळेल तसा यायचा. त्यामुळं घरात मी आणि मामाच. सासऱ्यांना मी मामाच म्हणते. दिवसा मी शाळेत शिकवायला जायची, ते भाजी आणायचे. रात्री जेवणं झाली की टीव्ही त्यांच्या ताब्यात.

मालिका त्यांना आवडायच्या नाहीत. त्यांना आवडायच्या मुलाखती. कुणीतरी खुर्चीत बसलंय, समोरचा त्याला विचारतोय आणि तो सांगतोय, एवढंच त्यांना पुरे. मुलाखत घेणारे तिघं त्यांचे आवडते होते. एक मुंबईचा, चकचकीत कोटातला, हिंदीत बोलणारा. "सोताच हसतो आन् सोताच टाळ्या घेतो," असं म्हणत मामा त्याचा एकही भाग चुकवत नसत. दुसरी एक मराठी बाई, पाहुण्याला सोफ्यावर बसवून हळू आवाजात बोलणारी. "लय मायाळू हाय, पण मानूस रडल्याबिगर सोडायची न्हाई."

तिसरा आमच्या गावच्या केबलवरचा. मामांचा खरा जीव त्याच्यावर.

बाजारामागच्या गल्लीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. त्याच स्टुडिओच्या मागच्या खोलीत दोन खुर्च्या, प्लॅस्टिकची फुलं आणि घाटाचं चित्र छापलेला पडदा लावून तो रोज रात्री साडेदहाला गप्पा मारायचा. पैलवान, हळदीचे व्यापारी, साप पकडणारा, बँड पथकातला म्हातारा क्लॅरोनेटवाला, असे कुणीही त्याच्याकडे यायचे. तो मान थोडी कलती करून ऐकायचा. समोरचा अडखळला तर घाई करायचा नाही.

"ह्यो गडी बघ," मामा मला म्हणायचे, "समोरच्याला बोलू देतो. आमचा कर्नल असा असता तर निम्मी भांडणं झाली नसती."

शेवटची काही मिनिटं फोनची असत. मामा आठवड्यातून एकदा तरी लावायचेच.

"हॅलो, मी सुभेदार बोलतोय."

"बोला सुभेदार, तुमच्याशिवाय कार्यक्रम संपतोय होय?"

फोन करणाऱ्यांत गावभागातल्या, म्हणजे जुन्या सांगलीतल्या, एक आजी होत्या. आवाज खरखरीत, पण बोलणं धारदार. पाहुण्याला अमुक का विचारलं नाहीस म्हणून त्या त्याला झापायच्या, वर मामांनाही टोला हाणायच्या. "त्या सुभेदाराला सांग, तुमच्या माणदेशात पाणी न्हाई म्हणून बोलणं इतकं कोरडं व्हय?" मामा खुशीत मांडीवर थाप मारायचे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. आजींचं नाव आम्हाला माहीत नव्हतं, स्टुडिओवाल्याला तरी होतं की नाही कोण जाणे.

त्या वर्षी श्रावणाच्या आधीच पाऊस लागला तो थांबेना. पाटणहून नवऱ्याचा फोन आला. त्याच्या आवाजात मला एरवी न जाणवणारी घाई होती. "इकडं डोंगरच दिसत नाही. धरणाचे दरवाजे उघडलेत. तू दादांना घेऊन तासगावला जा." मामांना तो दादा म्हणतो. तासगाव माझं माहेर, तिथं पाणी येण्याचा प्रश्नच नव्हता.

मी मामांना सांगितलं. त्यांनी घड्याळाकडं बघितलं. "साडेदहाला बघू तो काय म्हणतोय."

म्हसवडच्या माणसाला नदी म्हणजे वाळूची वाट. पूर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी तासगावची, मला तरी कुठं ठाऊक होतं! नदीकाठच्या गावात आम्ही दोघंही परकीच होतो, आणि गावाचं जे काही कळायचं ते त्या आवाजातून.

त्या रात्री पाहुणा नव्हता. समोरची खुर्ची रिकामी ठेवून तो एकटाच बसला होता. जुन्या पुराची खूण देवळाच्या पायरीवर आहे, पाणी कधी तिच्या वर गेलेलं नाही, असं त्यानं सांगितलं. "घाबरायचं कारण नाही. मी इथंच आहे." मामांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी भरायला काढलेली पिशवी पुन्हा कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी दिली. दुपारी रिक्षावरून भोंगा फिरला, सखल भागातल्या लोकांनी बाहेर पडावं म्हणून. पण रिक्षा आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच वळली. तो इशारा आमच्यासाठी की पुढच्यांसाठी, यावर गल्लीत बराच वेळ वाद झाला. संध्याकाळी हवेत ओल्या मातीचा नव्हे, गटाराचा वास होता. कुत्री एकाएकी दिसेनाशी झाली. रस्ता कोरडा होता आणि त्या कोरड्या रस्त्याचीच मला भीती वाटायला लागली.

साडेदहाला तो टीव्हीवर आला तेव्हा दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. खोलीतला दिवा मध्येच मंद व्हायचा. फोन एकामागून एक येत होते, आणि प्रत्येकाला तो तेच सांगत होता. मग तो खरखरीत आवाज आला.

"बाळा, माझ्या न्हाणीतनं पाणी वर यायलंय. मी एकटी हाय. कुठं जाऊ?"

त्यानं ऐकून घेतलं. मान नेहमीसारखी कलती.

"आजी, गटार तुंबलं असेल. दार लावून निवांत झोपा. सकाळी बोलू आपण."

"तू म्हनतोस म्हंजे झोपते बाबा."

फोन ठेवल्याचा आवाज आला. पुढचा फोन घेता घेता त्यानं खाली बघितलं. निमिषभरच. मग बोलणं न थांबवता, चेहरा तसाच हसरा ठेवून, त्यानं एक पाय उचलला आणि खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवला. नंतर दुसरा.

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मामा मात्र ताडकन उठले.

"पोरी, ऊठ. निघायचं."

"काय झालं?"

"त्यानं पाय वर घेतलं. त्याच्या खोलीत पानी शिरलंय. इतकी वर्सं बघतोय त्याला, खुर्चीवर पाय घेऊन कवा बसलाय का तो?"

मी मोरीत गेले. जाळीतून काळं पाणी वर येत होतं, अजिबात आवाज न करता.

मामा कार्यक्रमाचा नंबर लावत होते. "त्या म्हातारीला सांगाया पायजे." फोन एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. पडद्यावर तो कुणाला तरी "काही होत नाही" म्हणत असतानाच लाइट गेली आणि सगळी गल्ली काळी झाली.

मामांनी स्वयंपाकघरातून पितळी ताट आणि उलथनं घेतलं आणि बाहेर पडले. ताट बडवत त्यांनी प्रत्येक दार वाजवलं. "उठा रं! पोरंबाळं घ्या आन् निघा!"

समोरच्या घरातले गृहस्थ खिडकीतून चिडून म्हणाले, "अवं सुभेदार, आत्ता तर टीव्हीवर सांगितलं, काय न्हाई म्हणून!"

"तोंडानं सांगितलं. पायानं दुसरंच सांगितलं. निघा म्हंतो ना!"

कोपऱ्याशी पोचेतो पाणी घोट्याला लागलं, चौकात गुडघ्याला. ते थंड होतं आणि ओढत होतं. मामांनी माझं मनगट असं धरलं होतं की दुसऱ्या दिवशी तिथं वळ दिसले. चौकाच्या पलीकडं एका ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला, मागून आलेल्या शेजाऱ्यांना आणि एका शेळीला ट्रॉलीत घेतलं. मागं वळून पाहिलं तर आपलं घर कुठल्या बाजूला तेही कळत नव्हतं.

उजाडताना आम्ही तासगावला पोचलो. भावानं बेदाण्याच्या शेडमध्ये सगळ्यांची सोय केली. त्या रात्री माहेरच्या टीव्हीवर मुंबईचा कोटवाला लागला होता. कुठल्यातरी नटीला तो तिच्या मांजराविषयी विचारत होता, लोक हसत होते. मामांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. "ह्यांच्याकडं पाऊस पडत न्हाई जनू," एवढंच म्हणाले. सांगलीची केबल तिथं दिसत नव्हती. ते रात्रभर शेडच्या दारात बसून राहिले.

"म्हातारी झोपली आसंल," मधेच म्हणाले.

पाणी ओसरल्यावर आम्ही परतलो. भिंतींवर माझ्या डोक्याच्याही वर चिखलाची रेघ होती. गाद्या, पुस्तकं, धान्य, सगळ्याला एकच कुजका वास. मामांनी घराकडं नीट बघितलंसुद्धा नाही. "आधी त्याच्याकडं," म्हणाले.

तो स्टुडिओच्या दारात बसला होता. मागं चिखलानं माखलेल्या दोन खुर्च्या होत्या आणि पडदा गोळा होऊन कोपऱ्यात पडला होता. टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा तो बुटका होता.

"मी सुभेदार," मामा म्हणाले.

तो उठून उभा राहिला. आवाजावरून ओळखलंच होतं त्यानं.

"त्या आजीचं काय झालं?"

"माहीत नाही. नंबर त्या फोनमध्येच होता. फोन गेला." मग विचारल्याशिवायच तो बोलायला लागला. "पहिल्या रात्री मला खरंच तसं वाटत होतं, सुभेदार. दुसऱ्या रात्री पायाला पाणी लागलं तेव्हा कळलं. पण लोक अंधारात बाहेर पडले तर चेंगरतील, बुडतील, असं मनात आलं. सकाळपर्यंत धीर द्यावा म्हटलं. आणि खरं सांगू? तोंड आपोआप चालू होतं. ते थांबवायचं कसं, तेच कळेना."

मामांनी त्याला शिवी दिली नाही, धीरही दिला नाही. "चल, हुडकू," म्हणाले.

गावभागात आम्ही तिघं गल्लीगल्लीतून हिंडलो. नाव नाही, चेहरा नाही. एकटी राहणारी, खरखरीत आवाजाची, रात्री टीव्हीवर फोन करणारी आजी, एवढंच विचारायला होतं. लोक घरातला गाळ उपसता उपसता त्याच्याकडं बघायचे. त्याला सगळे ओळखत होते. कुणी काही बोलत नव्हतं, आणि तेच त्याला जड जात होतं. एका बाईनं मात्र हातातला खराटा टाकून विचारलं, "आज काय म्हणताय? घाबरू का नको?"

शेवटी एका बोळात पत्ता लागला. आजी जिवंत होत्या. दार लावून झोपल्या होत्या. पाण्यानं खाट हलली तेव्हा जाग आली. अंधारात चाचपडत माळ्यावर चढल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी होडीवाल्यांनी कौलं काढून त्यांना वर खेचलं. आता मिरजेला लेकीकडं होत्या.

आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. आजी भिंतीकडं तोंड करून पलंगावर पडल्या होत्या. एवढीशी मूर्ती. तो जवळ जाऊन वाकला.

"आजी, मी आलोय."

त्या वळल्या नाहीत. फक्त अंग आक्रसलं, पाय पोटाशी ओढून घेतले. मग त्याच खरखरीत आवाजात लेकीला म्हणाल्या, "अगं, तो टीव्ही बंद कर."

"आई, टीव्ही नाही. ते स्वतः आलेत तुला बघायला."

"बंद कर म्हंते ना! पानी येतंय."

तो तसाच वाकलेला राहिला. शेवटी मामांनी त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर आणलं.

गप्पांचा कार्यक्रम पुन्हा सुरू झाला नाही. केबलवाल्यांनी दुसऱ्या एका तरुणाला आणलं. तो फार भरभर बोलायचा, थोड्या दिवसांत गेला. आमचा माणूस आता फक्त फोटो काढतो. पासपोर्टचे, लग्नाचे. मामा आठवड्यातून एकदा त्याच्याकडं चहाला जातात. काय बोलता म्हणून मी एकदा विचारलं. "काय न्हाई. बसतो," म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात पाटणहून पुन्हा तसाच फोन आला. मामांबरोबर मीही स्टुडिओत गेले. दारात आमच्या गल्लीतले पाचसहाजण आधीच उभे होते. इतकं सगळं होऊनही लोक त्यालाच विचारायला आले होते. एकानं विचारलं, "काय वाटतं तुम्हाला? येईल का पाणी?"

तो कॅमेरा पिशवीत भरत होता. मान वर न करता म्हणाला, "मला माहीत नाही."

पुढं काहीतरी बोलेल म्हणून सगळे थांबले. त्यानं शटर ओढून कुलूप लावलं आणि पिशवी खांद्याला अडकवून चालायला लागला. अंधार पडायच्या आत गल्लीतली निम्मी घरं रिकामी झाली होती, आमचंही.