आधी माप, मग भाव

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी भाव विचारतं, आणि काकू आधी इंजिनचा सिलिंडर मागतात. गेली अठरा वर्षं हे असंच चालत आलेलं. दुकान एटीव्हीचं, म्हणजे रुंद चाकांच्या, वाळूत आणि चिखलात उधळणाऱ्या त्या हँडलवाल्या चारचाकी गाड्यांचं. पुढे सुट्या भागांचा काउंटर, मागे दुरुस्तीची खोली, मधे तेलकट हातांनी काळा पडलेला पडदा. काउंटरवर काकू. पडद्यामागे त्यांचे यजमान, त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. आणि गल्ल्यावर धाकटे दीर, कारण कागदोपत्री दुकान त्यांचं.

मिस्त्रींचे कान इंजिनांनी खाल्ले होते. चाळीस वर्षं सायलेन्सरशेजारी काढल्यावर उरतं काय? आता ते चालू इंजिनवर तळहात ठेवत, डोळे मिटत आणि आत काय बिघडलंय ते सांगत. जे हाताला कळत नसे ते काकूंच्या कानांनी कळे. काकू पिस्टनच्या खोक्याच्या झाकणावर लिहून देत, ‘वरून टकटक येतेय’, आणि मिस्त्री मान हलवत. नवराबायकोचं निम्मं बोलणं असं खोक्यांवर झालेलं होतं. घरी काही राहिलं असेल तर रात्रीच्या भाकरतुकड्याला हातवारे पुरत.

काउंटरवर काकूंच्या उजव्या हाताला लाकडी पेटी असे. तिच्यात सिलिंडरचं आतलं माप घ्यायचं गेज आणि जाडी मोजायचं एक व्हर्नियर. ही पेटी दुकानाची नव्हती, काकूंची होती. त्यामागे एक जुनी चूक होती आणि ती काकू कधी लपवत नसत. काउंटरवर बसायला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्यांनी एका माणसासाठी गाडीवर कंपनीने ठोकलेल्या पट्टीवरचं मॉडेल बघून पिस्टन मागवला. पट्टीवर पंच्याऐंशी मिलिमीटर, म्हणून पिस्टन पंच्याऐंशीचा. पण गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने सिलिंडर एकदा घासून मोठा करून घेतला होता, आणि ते पट्टीला कुठून कळणार? पिस्टन आत डब्यातल्या खड्यासारखा वाजला. मिस्त्रींना ऐकू आलं नाही, काकूंना तो आवाज कसला ते तेव्हा माहीत नव्हतं. वाळूच्या टेकड्यांत इंजिन जाम झालं आणि तो माणूस भर उन्हात तीन तास चालत परत आला. ओरडला नाही, भांडला नाही. काउंटरवर पाण्याचा ग्लास मागितला आणि पिऊन गेला. काकूंच्या मनाला ते जे लागलं ते लागलंच. त्यांनी हातातली एक बांगडी मोडली आणि गेज आणलं. तेव्हापासून माप घेताना त्या मनातल्या मनात देवाचं नाव घेत, आणि एकच माप तीनदा घेत. खोटं माप म्हणजे देवासमोर खोटं बोलणं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मग एके दिवशी दीर कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आले आणि येताना डोक्यात एक पाटी घेऊन आले. आठ दिवसांत ती काउंटरच्या वर झळकली. भोवती दिवे, मधे तीन रकाने: स्टेज एक, स्टेज दोन, स्टेज तीन. इंजिनची ताकद वाढवायचे तीन संच, प्रत्येकापुढे ठोक किंमत. तीन नंबरचा सगळ्यांत मोठा, एकोणनव्वदचा पिस्टन, पंचेचाळीस हजार.

दिरांचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकाला बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवलं, पैसे दिले, विषय संपला. चौकापलीकडचं दुकान असंच विकतं आणि आपण इथे लोकांची इंजिनं उघडून जन्मपत्रिका बघत बसतो. काकूंनी पाटी खालून वरपर्यंत वाचली आणि विचारलं, सिलिंडर मोठा करायची मजुरी कुठाय यात? गॅस्केट? ताकद वाढली की जुना क्लच घसरणार, त्याच्या स्प्रिंगा? कार्बोरेटरचे जेट? दीर म्हणाले, ते नंतर बघता येतं.

“नंतर म्हणजे इंजिन उघडून पडल्यावर ना, भाऊजी? तेव्हा माणूस नाही कसा म्हणेल?”

दीर हसले. म्हणाले, वहिनी, धंदा त्यालाच म्हणतात.

त्यानंतर महिन्याभराने बेकरीवाली आली. सव्वीस-सत्तावीसची मुलगी, पहाटे चारपासून पाव भाजायची आणि सुट्टीच्या दिवशी वाळूच्या ट्रॅकवर शर्यतीत उतरायची. बाहीवर कायम पीठ. दोन वर्षं साठवलेले पैसे पाकिटात घालून आली होती. अंतिम शर्यत चार आठवड्यांवर होती आणि ट्रॅकवरची पोरं तिला ‘पावाची गाडी आली, बाजूला व्हा’ म्हणून चिडवत. तिने पाटीकडे बघितलं आणि तीन नंबरवर बोट ठेवलं.

काकूंनी सिलिंडर मागितला.

दीर गल्ल्यावरून म्हणाले, त्याची काही गरज नाही, पाटी आहे ना. काकूंनी ऐकलं आणि पडद्याआड जाऊन झाकणावर ‘उघडा’ असं लिहून मिस्त्रींना दिलं. दुपारी सिलिंडर काउंटरवर आला. काकूंनी तो पुसला, गेज आत सोडलं, वर, मधे, खाली. तीनदा. पट्टीवर पंच्याऐंशी होतं, गेज शहाऐंशी दाखवत होतं. म्हणजे इथेही आधी कोणाचा तरी हात फिरलेला. मग त्यांनी सिलिंडरच्या आत बसवलेल्या, पिस्टन जिच्यात फिरतो त्या लोखंडी नळीची खाली बाहेर डोकावणारी भिंत व्हर्नियरने मोजली. जेमतेम तीन मिलिमीटर. एकोणनव्वदचा पिस्टन बसवायचा तर प्रत्येक बाजूने दीड खरवडायला हवं, आणि उरणार दीड. जोराच्या उडीला ती भिंत तडकली असती.

त्यांनी कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे तीन नंबरचा संच, त्याखाली पाटीवर नसलेलं सगळं, नवी जाड नळी धरून, आणि शेवटी बेरीज: एकाहत्तर हजार. उजवीकडे साडेशहाऐंशीचा घडीव पिस्टन, झडपा उघडणारा नवा कॅम, जेट, क्लचच्या स्प्रिंगा, मजुरी. एकोणपन्नास. त्याखाली लिहिलं, ‘ताकद कमी वाढेल, इंजिन टिकेल.’

बेकरीवालीचा चेहरा पडला. दीर उठून आले आणि त्यांनी कागद उचलून वाचला. गिऱ्हाइकासमोर त्यांनी आवाज चढवला नाही, पण म्हणाले ते सगळ्यांना ऐकू जाईल असंच.

“वहिनी, या दुकानात पाटीप्रमाणे विकायचं. जमत नसेल तर कपाटाच्या किल्ल्या इथे ठेवा आणि घरी आराम करा.”

काकूंनी कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि काउंटरवर ठेवल्या. मग लाकडी पेटी बंद करून उचलली. दिरांनी पेटीकडे हात केला तेव्हा त्या म्हणाल्या, “किल्ल्या तुमच्या, भाऊजी. माप माझं.” कागद त्यांनी बेकरीवालीच्या हातात दिला आणि पायरी उतरल्या. मिस्त्रींना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. पडद्याच्या फटीतून त्यांनी बायको पेटी घेऊन जाताना बघितली आणि काय ते समजले. पण हातात घेतलेलं इंजिन, त्या वेळी दुसऱ्याच गाडीचं, उघडं टाकून ते उठत नसत, बायको गेली तरी. संध्याकाळी शेवटचा बोल्ट आवळून घरी आले, अॅप्रन खुंटीला लावला, आणि दुसऱ्या दिवशी गेलेच नाहीत.

घरात शांतता होती आणि काकूंना ती खायला उठत होती. एकोणीस वर्षांची जागा. सकाळी हात जोडून त्या म्हणत, मी चुकले असेन तर दाखव. मग लगेच मनात येई, तीनदा मोजलंय, चुकेन कशी?

पाचव्या दिवशी दारात बेकरीवाली उभी होती. बगलेत मैद्याचं रिकामं पोतं, त्यात सिलिंडर. चौकापलीकडच्या दुकानातही जाऊन आली होती. तिथे माप न घेताच ‘होऊन जाईल’ म्हणाले.

“काकू, खरं सांगा. दिरांवरच्या रागाने तर नाही ना लिहिलंत ते?”

दुसरी कोणी असती तर दुखावली असती. काकूंना प्रश्न आवडला. त्यांनी ओट्यावरची भांडी बाजूला सारली, सिलिंडर ठेवला आणि व्हर्नियर तिच्याच हातात दिलं. तू मोज, तू वाच, मी मागे उभी राहते. मुलीने मोजलं. परत मोजलं. तिसऱ्यांदा काकूंनी सांगायच्या आत मोजलं. मग म्हणाली, पावाचा साचा एवढा पातळ असता तर मी तो वापरला नसता. आणि कागदाच्या उजव्या रकान्यावर पिठाचं बोट ठेवलं.

इंजिन काकूंच्या अंगणात, पत्र्याखाली बांधलं गेलं. मिस्त्री हाताने, काकू कानाने. शर्यतीत बेकरीवाली चौथी आली. पहिल्या तिघांत नाही, हे दिरांनी गल्लीभर सांगितलं. काकूंना कोणीतरी मुद्दाम येऊन ऐकवलंही. त्या म्हणाल्या, “अकरा जण निघाले, सहा पोहोचले. त्या सहांत ती आहे. उरलेल्या पाचांच्या गाड्या दोरीने ओढून आणल्या, त्यांना विचारा स्टेज कितवा होता.”

दुकानात तोवर पाटी जोरात चालली होती. दिरांनी पट्टीवरची मॉडेलं बघून तीन संच मागवले. एक बरोबर बसला. दुसरा आत जाईना, आणि तिसरा डब्यातल्या खड्यासारखा वाजला. त्या गाडीचा मालक तो आवाज ओळखणारा निघाला, आणि दुकानात येऊन पाणी पिऊन जाणाऱ्यांतला नव्हता.

दीर आले ते भर दुपारी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला सिलिंडर छातीशी धरून. याचकासारखे आले नाहीत, पण मालकासारखेही नाही. काकूंनी पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि गेज काढलं. वर, मधे, खाली. तीनदा. आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि खाली मापाचे पैसेही लिहिले.

“मापाचे पैसे? घरच्या माणसाकडून?”

“पाटीवर नव्हते, म्हणून आश्चर्य वाटतंय का?”

कोपऱ्यात मिस्त्री बसले होते. ऐकू आलं नसेल, पण ते हसले. दिरांनी पैसे ठेवले. मग खिशातून किल्ल्या काढून पैशांशेजारी ठेवल्या आणि उद्यापासून या म्हणाले. काकूंनी पैसे उचलले, किल्ल्या तशाच राहू दिल्या. म्हणाल्या, आधी पाटी उतरवा. दीर म्हणाले, नऊ हजार गेलेत त्या पाटीवर, नुसते दिवेच दोन हजारांचे आहेत. काकू म्हणाल्या, मग उलटी लावा, मागची बाजू कोरी असेल.

किल्ल्या दोन दिवस ओट्यावर पडून होत्या. तिसऱ्या दिवशी काकू स्वतः जाऊन बघून आल्या आणि मगच त्यांनी किल्ल्या कमरेला लावल्या. पाटी उलटी लागली होती. त्यांनी स्टुलावर चढून जाड ब्रशने, शाळेत गिरवलेल्या वळणदार अक्षरांत, चारच शब्द लिहिले: आधी माप, मग भाव. भोवतीचे दिवे काढू का, असं दिरांनी विचारलं. काकू म्हणाल्या, राहू द्या, दिसायला बरे आहेत.