हिरवं विमान

सावद्याजवळच्या आमच्या रिकाम्या शेतात मी घरी बनवलेलं रिमोटचं विमान पहिल्यांदा उडवलं. हातभरच होतं, पण वेग असा की मान वळवेपर्यंत बांध ओलांडायचं. हौसेनं मी त्याला केळीच्या पानासारखा हिरवा रंग दिला होता. शेजारच्या केळीच्या बागेवरून ते अगदी कमी उंचीवर जायला लागलं आणि दिसेनासं झालं. आवाज मात्र स्वच्छ येत होता. मी घाबरून मोटर बंद केली.

नानांनी, माझ्या वडिलांनी, बागेत शिरून ते पानांवरून उतरवलं. ओरखडाही नव्हता.

"काय बिघडलं होतं?" नानांनी विचारलं.

"काही नाही. छान उडत होतं."

"मंग पाडलं कायले?"

"दिसत नव्हतं म्हणून," मी म्हणालो, आणि ते कारण माझं मलाच पटेना.