भट्टीच्या माळावर अब्बांचा घण

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. जुन्नरला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. टेपनं मोजता येतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहायला लाजच वाटतेय... तरी लिहितो.

गेल्या डिसेंबरात अब्बांना घेऊन तळेघरच्या पुढच्या एका माळावर गेलो होतो. आमचे पूर्वज धावड — डोंगरातला दगड भट्टीत गाळून लोखंड काढणारे. त्या भट्ट्यांची जागा आता कुंपण घालून जपली आहे. आत बुजलेल्या खाणी आणि काळ्या मळीचे, म्हणजे लोखंड गाळून उरलेल्या दगडी कचऱ्याचे, ढीग. अब्बांना एकदा ते बघायचंच होतं. त्याच्या दोनच महिने आधी त्यांना स्टेंट बसवलेला. पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद.

सकाळचे अकरा. वाट दाखवायला गावातले किसनभाऊ. ढिगामागून आवाज आला — टिण... टिण... लहान हातोडीचा.

"भाऊ, इथं कुणी काम करतंय का?"

"न्हाई राव. मला तर कायबी ऐकू येत न्हाई."

मागे वळलो तर अब्बांनी रिकामे हात डोक्यावर नेले होते. तरुणपणी ते घण मारायचे. आमच्यात उस्ताद हातोडीनं ठोका देतो, घणवाल्यानं तिथंच घाव घालायचा. उस्तादानं सलग तीन जलद ठोके दिले की थांबायचं. त्याआधी नाही — खांदा निखळला तरी नाही.

टिण — हात खाली. टिण — पुन्हा. ओठ निळे पडत चाललेले. मी हात धरायला गेलो, तर सत्तरीच्या माणसानं मला झटकून दिलं. "अवो चाचा, थांबा की! जीव जाईल!" किसनभाऊंनी कमरेला मिठी मारली. उपयोग शून्य. मी रडायच्या बेतात आलो होतो.

मग सुचलं. मळीचं ढेकूळ उचलून दुसऱ्यावर जोरात मारलं. एक. दोन. आणि ते हातातच फुटलं...

तिसरा ठोका ढिगामागून आला.

अब्बा मटकन खाली बसले. किसनभाऊंनी पाणी पाजलं. मी ढिगामागे धावलो — कुसळी गवत, तेही न तुडवलेलं. डॉक्टरांनी संध्याकाळी तपासलं, सगळं ठीक निघालं. याचा उलगडा मला अजून झालेला नाही, होईल असंही वाटत नाही.

परतताना गाडीत अब्बा म्हणाले, "तिसरा ठोका लई हलका दिलास रे. म्हातारा दमलाय, हे वळखलंस."

मी "हो" म्हणालो.